शेजाऱ्याला विचार

बाकांवर शिक्षकयंत्रं बसवल्यापासून सातवीच्या वर्गात कुणी कुणाशी बोलत नसे. म्हणून शाल्मलीने विद्यार्थी समितीत सूचना मांडली होती की, यंत्राने कधीकधी उत्तर न देता "शेजाऱ्याला विचार" म्हणावं.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला सगळी यंत्रं तसं म्हणाली. मुलं बावरली, मग हळूहळू शेजाऱ्यांकडे वळली.

"तुला येतंय का रे?"

"येत असतं तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं?"

वर्गात हशा पिकला. एका बाकावर दोघं, म्हणजे एकतीस मुलांत एक जण उरणार, हे शाल्मलीच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिचं यंत्र हळू आवाजात म्हणालं, "तुझ्या शेजारी कुणी नाही. उत्तर मी सांगतो."

"नको," ती म्हणाली आणि वही घेऊन पुढच्या बाकापाशी गेली. तिथली दोघं बोलण्यात रंगली होती. तास संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.