तीन माणसांमागे एक मोटार

“अमेरिकेत तीन माणसांमागे एक मोटार आहे,” त्र्यंबकमामा म्हणाले आणि त्यांनी दुसरा कानवला उचलला.

मुलगी बघायला ते भाच्याला घेऊन कल्याणहून ठाण्याला आले होते. भाचा, म्हणजे प्रभाकर, ओहायोत दोन वर्षं शिकून नुकताच परतला होता. तो खुर्चीच्या कडेला बसून नुसता ऐकत होता. बोलत होते ते मामाच. इंग्लंडात चौदा-पंधरा माणसांमागे एक मोटार. आपल्याकडे दोन हजारांत एखादी. अमेरिकेत पेट्रोल पाण्याच्या भावात, इंग्लंडात आणि इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिकडचा दूधवालासुद्धा स्वतःच्या गाडीतून नाटकाला जातो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा उत्तराच्या आईने हनुवटीला बोट लावलं.

उत्तरा मान खाली घालून बसली होती. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, त्यामुळे हे आकडे तिला नवे नव्हते. भाव नुसता रुपयांत सांगून भागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिकडचा कामगार गॅलनभर पेट्रोलचे पैसे पाव तासात मिळवतो. इथल्या गिरणीतल्या माणसाला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस राबावं लागतं. पण बघायला आलेल्यांपुढे मुलीने असलं काही बोलायचं नसतं. मागच्या स्थळाने ती फार बोलते म्हणूनच नकार कळवला होता.

चहा संपला आणि मामा मुद्द्यावर आले. आपल्याला काही मागायचं नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. हुंड्याचं तर नावच नको. पण मुलगा तिकडे राहिलेला, त्याला मोटारीची सवय लागलेली. मुलगी सुखात राहावी असं मुलीच्या वडिलांनाही वाटणारच. मोठी नको, एखादी जुनी, लहानशी चालेल.

उत्तराचे वडील अण्णा कोर्टात हेडक्लार्क होते आणि पुढच्या वर्षी पेन्शनीत निघणार होते. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“बघू,” ते म्हणाले.

अण्णांचं हे ‘बघू’ उत्तराच्या ओळखीचं होतं. शुभदाताईच्या लग्नातही ते असंच ‘बघू’ म्हणाले होते, आणि पेणची अर्धी वाडी गेली होती. आता उरलेली अर्धी जाणार. अण्णा कुणाला तोंडावर नाही म्हणू शकत नाहीत, हे सगळ्या नौपाड्याला माहीत होतं.

तिने मान वर केली. मामांकडे न बघता तिने सरळ प्रभाकरला विचारलं, “तिकडे तुमच्याकडे कुठली मोटार होती?”

आईच्या बांगड्या वाजल्या. मामांनी खाकरून काही बोलायला सुरुवात केली, पण त्यांच्याआधी प्रभाकरच बोलला.

“तीन माणसांमागे एक, हे मामा सांगतात ते बरोबर आहे,” तो शांतपणे म्हणाला. “मी चौथा होतो.”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग उत्तरा हसली. तोंडावर हात न ठेवता, चांगली मोठ्याने हसली. तिचं हसू बघून प्रभाकरला जणू जीभ फुटली. बर्फातून कॉलेजला चालत जाताना बुटांत वर्तमानपत्र कसं कोंबायचं ते त्याने सांगितलं. एकदा एका बाईंनी कीव येऊन गाडीत घेतलं आणि तो इतका गारठला होता की उतरताना त्यांच्या गाडीचं दारच त्याला उघडेना, तेही सांगितलं. आईसुद्धा हसली. आता त्याने अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी धरली होती आणि स्टेशनवरून तो चालतच जाणार होता.

मामांना काही हसू आलं नाही. काय ते कळवतो, असं म्हणत ते उठले, चपला सरकवल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या काळ्या मोटारीत जाऊन बसले. मोटार घरघरली, खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली, पुन्हा गप्प. मामांनी टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली. काडी कोरडीच बाहेर आली. टाकी भरलेली आहे असं शेटने छातीवर हात ठेवून सांगितलेलं, असं ते पुटपुटले, आणि मोटार कुणाची तरी मागून आणलेली आहे हे आळीभर झालं.

पेट्रोलपंप खोपटच्या वाटेवर होता. प्रभाकरने कोट काढून फाटकावर टाकला, बाह्या दुमडल्या आणि मागून जोर लावला. मामा आत चक्र धरून, ताठ मानेने बसले. मोटार जेमतेम हलली.

उत्तराने पदर खोचला. लोक बघतायत गं, असं आई म्हणेपर्यंत ती पायऱ्या उतरलीदेखील. तिने प्रभाकरच्या शेजारी मोटारीला दोन्ही हात लावले. त्याने वळून बघितलं. नको म्हणाला नाही, थोडा सरकला फक्त, तिच्यापुरती जागा करून. मोटार पुढे जाऊ लागली. दोघं धापा टाकत होती आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

समोरच्या ओट्यावर गंगुबाई तांदूळ निवडायचं सोडून उभ्या राहिल्या होत्या. मोटार कुणाची हो, असं त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णा फाटकाशी आले. प्रभाकरचा कोट त्यांनी उचलून नीट हातावर घेतला. मग जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने, रस्त्यावरच्या दोघांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “मोटार कुणाची ते मला ठाऊक नाही, गंगुबाई. ढकलतोय तो आमचा जावई.”