इंजिन गरम हाय

मुरबे गावचा जानू तांडेल अंगणातल्या मोटारसायकलभोवती सारखा घुटमळत होता. आज लेक दीपाली पहिल्यांदाच एकटी ट्रकांच्या रस्त्याने बोईसरच्या कारखान्यात निघाली होती. "कूलंट बघितलंस?" त्याने पुन्हा विचारलं. "खालच्या रेघेवर आलंय, भरते. बाबा, तुज्या होडीच्या इंजिनाला दर्या पाणी पाजतो, हिला गार ठेवायला मलाच पाजायला लागतं," म्हणत ती कूलंटची हिरवी बाटली घेऊन बसली. जानूने तिचा हात धरला. "थांब बाय, झाकण उघडू नको. इंजिन गरम हाय, अंगावर उडंल. निवू दे." दीपालीने त्याचा तळवा इंजिनावर टेकवला. रात्रभर उभी असलेली गाडी थंडगार होती. मग त्यानेच बाटली घेतली, वरच्या रेघेपर्यंत कूलंट ओतलं, झाकण घट्ट लावलं. "जा," तो म्हणाला. "सांजेला सुखरूप आलीस की पयली मला हाक मार. इंजिन गरम असतानाच हात लावायचा हाय."