एकाहत्तर किलो

"एकाहत्तर," काट्याकडे पाहत नर्स म्हणाली आणि हेमांगीला रडूच फुटलं. अकरा महिन्यांपूर्वी याच खोलीत डॉक्टर म्हणाले होते, "अठ्ठ्याऐंशी किलोवर मी पोटाला हात लावणार नाही. बहात्तरच्या खाली या, मग सुटलेली कातडी काढू."

तेव्हापासून ती रोज सकाळी कृष्णेच्या काठाने सात किलोमीटर चालली. धाकटीच्या वाढदिवसाचा केकही तिने चाखला नाही. दोन बाळंतपणांनंतर लोंबणाऱ्या तिच्या पोटाची नवरा, सुयोग, पाहुण्यांसमोर उशी बांधून नक्कल करायचा. आज मात्र तो आपणहून सोबत आला होता.

डॉक्टरांनी पोट तपासून मान डोलावली. "उत्तम. मंगळवारी करून टाकू. आता आणखी मूल नको ना? पुन्हा दिवस गेले तर सगळं वाया जाईल."

"नको," हेमांगी म्हणाली.

"नको कसं? दोन्ही मुलीच आहेत, डॉक्टर," सुयोग हसत म्हणाला. "आईला शब्द दिलाय मी. वजन उतरलं की दिवस लवकर राहतात म्हणे, म्हणून तर हिला एवढं चालू दिलं."

हेमांगीने डॉक्टरांकडे पाहिलं. ते सुयोगकडे पाहत होते. "मग मूल होऊ दे आधी," असं म्हणत त्यांनी फाइल मिटली.

दाराबाहेर पडताच सुयोगने आईला फोन लावला. हेमांगी मागून पोटावरचा कुर्ता सारखा करत येत होती.

"हो गं आई," तो म्हणाला, "तयार आहे आता ती."