नुसता गूळ

गावाची स्वच्छता तपासून गुण देणाऱ्या समितीची जीप वालूरच्या फाट्यावरून वळल्याचा फोन आला, तेव्हा कमलबाई अंगणातल्या आडातून सकाळपासूनची तिसरी बादली काढून पाहत होत्या. पाणी दिसायला नितळ होते. त्यांनी ओंजळ नाकाजवळ नेली आणि बादली तशीच मातीत उपडी केली.

आडापासून चार हातांवर शोषखड्डा होता, मोरीचे सांडपाणी जिरावे म्हणून खणलेला. त्यावर सिमेंटचे नवे झाकण आणि झाकणावर पिवळ्या रंगात घराचा क्रमांक. भोवतालची काळी जमीन वैशाखाने फाटली होती. एक भेग खड्ड्याच्या कडेपासून निघून सरळ आडाच्या कठड्याखाली गेली होती.

जागा कमलबाईंनीच काठीने आखून दिली होती. त्यांची धाकटी सून वैष्णवी गावची सरपंच. घरोघर खड्डे व्हायचे तर पहिला सरपंचाच्या दारी व्हावा, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांनी सांगितल्यावर पुन्हा विचारण्याची या घरात पद्धत नव्हती. खड्डा आडापासून किती लांब हवा, हे ग्रामसेवक व्यंकटरावांनी तेव्हा वाचून दाखवले होते. तेवढे अंगणच नव्हते, हेही सर्वांनी पाहिले होते.

गल्लीतली अकरा घरे याच आडाचे पाणी पीत. गेले आठ दिवस त्या घरांतल्या बाया कळशा घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या, आणि कमलबाईंच्या दारावरून जाताना मान वर करत नव्हत्या. मोरीचे पाणी खड्ड्यात सोडणे बंद करूनही आडाच्या पाण्याचा वास गेला नव्हता.

वैष्णवी बाहेर आली. पोर अडाणी नव्हती. पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेल्या सतरा रंगांच्या चक्राचा अर्थ गावाला तिनेच समजावला होता: पाणी राखायचे, हवा राखायची, पुढच्या लेकरांसाठी जमीन राखायची, साऱ्या जगाने मिळून ठरवलेले. कमलबाईंना त्यातले एकही वाक्य चुकीचे वाटले नव्हते. आजही वाटत नव्हते.

"आत्या, आज आडाचं काढू नका," वैष्णवी हलक्या आवाजात म्हणाली. "गुण पडले तरच नळयोजनेत आपलं नाव लागंल. पुढल्या वर्षी पानी दारात यील."

"आन् तवर?"

वैष्णवीने मागे उभ्या व्यंकटरावांकडे पाहिले. त्यांनी तपासणीचा अर्ज पुढे केला. त्यात दोनच चौकोन होते: खड्डा आहे, खड्डा नाही. बुजवला तर 'नाही'. नंतर बुजवावा, तर योजना मंजूर होईपर्यंत समिती पुन्हा कधीही येणार. आडासाठी रकाना नव्हता. खात्री पटावी म्हणून त्यांनी कागद उलटूनही दाखवला.

"मागची बाजू कोरी हाय की," कमलबाई म्हणाल्या. "तिथं लिहा."

"तिथलं कुनी वाचत न्हाई, काकू."

समितीच्या प्रमुख बाई सालस होत्या. भर उन्हात स्वतः वाकून त्यांनी झाकण वाजवून पाहिले, चारी बाजूंनी फोटो काढले. भेगेवरून त्यांचा पाय दोनदा गेला. मग त्या कमलबाईंकडे वळल्या आणि खड्ड्याचा काही त्रास आहे का, असे त्यांनी आपुलकीने विचारले.

वैष्णवी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

"न्हाई," कमलबाई म्हणाल्या.

पहिल्या चौकोनात खूण झाली.

आल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय या दारातून कधी कोणी परत गेले नव्हते. कमलबाई आत गेल्या. मळ्यातून आणलेली कळशी काठोकाठ भरलेली होती. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या दारचे म्हणून त्या पुढे करणार नव्हत्या. त्यांनी पितळी ताटलीत गूळ फोडला आणि बाहेर येऊन ताटली धरली.

प्रमुख बाईंनी खडा उचलला आणि तांब्यासाठी दुसरा हात पुढे केला. तांब्या नव्हता. हात क्षणभर तसाच राहिला.

"घ्या, बाई," कमलबाई म्हणाल्या. "पानी पुढल्या वर्षी येनार हाय."

प्रमुख बाई मोकळेपणाने हसल्या. आजी मोठ्या मिश्कील आहेत, असे त्या सोबतच्यांना म्हणाल्या. मग सोबतचे हसले. व्यंकटराव हसत हसत जीपमधली पाण्याची बाटली आणायला धावले.

सगळ्यांच्या शेवटी, सासूकडे न पाहता, वैष्णवीही हसली.

कमलबाई ताटली धरून उभ्या होत्या. उन्हाने गूळ पाघळायला लागला होता.