टेबल सातवरचा डाग

बातमीदार अकराला येणार होता, म्हणून लाँड्रीवाल्यांनी साडेनवालाच सदरा इस्त्रीला घेतला. दुकान विकून तीन वर्षं झाली होती. घरची इस्त्री मात्र अजून कुणाच्या हाती जात नव्हती. मुलीच्या तर मुळीच नाही. गेले बारा दिवस ते तिच्याशी गरजेपुरतंच बोलत होते, आणि गरजही बेतानेच लागू देत होते.

ती जेवणाच्या टेबलावर शाळेचे पेपर तपासत होती. निवडणूक आली की तिच्या शाळेतल्या बायकांना मोजणीला जुंपत. या वेळी तिच्या वाट्याला टेबल नंबर सात आलं, आणि घरात ठिणगी पडली.

"चहा करू?" तिने विचारलं.

"कर. पण माझ्यासमोर कर. हल्ली कशात काय मिसळतात, कळत नाही."

ती हसली नाही, चिडलीही नाही. थकलेल्या माणसाला टोमणासुद्धा उचलायचा कंटाळा येतो.

प्रकरण एवढंच होतं. वकील आणि ठेकेदार, दोघांना सारखीच मतं पडली. चार हजार तीनशे बारा. मग चिठ्ठी टाकली, ती ठेकेदाराची निघाली. वकील हे लाँड्रीवाल्यांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. माणूस कॉलरवरून कळतो हा त्यांचा सिद्धांत, आणि वकिलांची कॉलर कधी फार मळून आली नाही. ठेकेदार कपडे घरीच धुवून घेई, त्यामुळे त्याच्याबद्दल पुरावा असा काही नव्हता. पण पेपर होता.

पेपर निकालाच्या आदल्या दिवशीच वकिलांच्या गळ्यात हार घालून मोकळा झाला होता. त्याआधी महिनाभर पहिल्या पानावर चौकट येत होती: 'मतं बदलली जातात! आपलं मत आपणच सांभाळा!' लाँड्रीवाल्यांनी ती कापून आरशाला चिकटवली होती. शेजाऱ्यांकडे दुसरा पेपर येई, त्यात सगळं आलबेल असे. तो लाँड्रीवाले फक्त कपाटात अंथरायला मागून आणत.

'बदलली' हा शब्द त्यांना झोंबला होता. त्यांच्या दुकानात चाळीस वर्षांत रुमालसुद्धा बदलला गेला नव्हता. प्रत्येक घराची वेगळी खूण, कॉलरच्या आत, न पुसणाऱ्या शाईने. त्या शाईचं पेन अजूनही त्यांच्या खिशाला असे. घरातली छत्री, चष्म्याचं घर, चपलांचे तळवे, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. बायको होती तोवर म्हणायची, "माझं कपाळ तेवढं सोडा."

चहा आला. एक घोट झाला आणि पुन्हा तेच दळण सुरू झालं.

"खरं सांग. टेबलावर काय झालं?"

"किती वेळा सांगू, बाबा? एक मत बाद झालं."

"झालं नाही. तू केलंस. वकिलांचा माणूस बोंबलत होता, मोजणीवरच्या साहेबांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस बाद. पेपरात आलंय."

"मतपत्रिकेवर डाग होता. शिक्का सोडून दुसरं काहीही असलं की मत जातं. कुणाचंही."

"डाग!" त्यांनी कप आपटला. "जन्मभर लोकांचे डाग काढले मी. डागापायी अख्खा सदरा फेकतात होय? वकिलांच्या नावापुढे शिक्का होता ना?"

"होता."

"मग चिठ्ठीची वेळच आली नसती."

"नसती."

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा नव्हतं. बेरीज नंतर झाली." तिने लाल पेन खाली ठेवलं. "असतं, तरी तेच म्हटलं असतं."

"कसला डाग होता एवढा?"

"शाईचा."

"केवढा? कसा?"

"मोजणीतलं बाहेर सांगत नाहीत, बाबा."

हे म्हणताना ती खाली बघत होती. लहानपणापासून काही लपवायचं असलं की ती अशीच खाली बघायची. लाँड्रीवाल्यांना तेवढं पुरेसं होतं.

बातमीदार वेळेवर आला. लाँड्रीवाल्यांचा जबाब तो टाइप करूनच घेऊन आला होता.

"काका, तुम्ही त्रास घेऊ नका. फक्त सही."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "'जाणूनबुजून बाद केले'? असं ती म्हणाली नाही."

"ते ओघात येतंच, काका. मथळा लागलाय: 'पोटच्या पोरीनेच मत गिळलं!'"

"आणि तिची नोकरी?"

"चौकशी होईल. फार तर घरी बसवतील." बातमीदाराने मुलीकडे न बघता बिस्किट उचललं. "पण लोकांचा निवडणुकीवर विश्वास राहायला हवा ना?"

लाँड्रीवाल्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग मुलीला म्हणाले, "चूक झाली एवढंच म्हण, पोरी. कागद फाडून टाकतो."

"चूक झाली नाही, बाबा." तिचा आवाज अगदी दमलेला होता. "नका करू सही. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगतेय."

"धमकी देतेस?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. मग हात तसाच खाली घसरला आणि सहीखाली त्यांनी एक गोल काढला, गोलाला शेपटी, शेपटीखाली दोन टिंबं.

"हे काय, काका?"

"आमच्या घरची खूण." कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा खुलला. "मी महत्त्वाच्या कागदावर काढतोच. मग कुणाचा बाप आला तरी तो बदलू शकत नाही."

मुलगी उठून त्यांच्या खुर्चीमागे आली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "हाच तो डाग."