भिंतीपलीकडचा सिनेमा

काका गेले म्हणून आम्ही शालनकाकूंना भेटायला गेलो होतो. सतरंजीवर सगळे माना खाली घालून बसलेले. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तो जुना विनोदी सिनेमा लागला. घरोघरी तोंडपाठ असलेला.

आता नायक सासऱ्यापासून लपायला कपाट उघडणार आणि आत सासराच बायकोला घाबरून बसलेला असणार. मी ओठ चावले. काकूंच्या दिरांनी तोंडाला रुमाल लावला.

"आत कोण आहे?" भिंतीपलीकडून नायकाचा आवाज आला.

"कोणी नाही, नुसते सदरे आहेत." सासऱ्याचं हे उत्तर मात्र काकूच बोलल्या.

खोलीभर हसू फुटलं. दीर ओशाळून उठले. "वहिनी, टीव्ही बंद करायला सांगतो."

काकूंनी डोळे पुसत काकांच्या फोटोकडे पाहिलं.

"बंद नको, भाऊजी. आवाज जरा वाढवायला सांगा. यांना कमी ऐकू येतं."