निळं जाळं

पर्यटकांना कयाकमधून बेटापर्यंत नेऊन सील दाखवणं हे तिचं काम. तिचे वडील जन्मभर मासेमारी करत आले. "आमचे मासे खाऊन आमच्या पोटावर पाय देणाऱ्यांचं दर्शन कशाला घ्यायचं?" म्हणायचे. होडी विकल्यावर मात्र घरात करमेना, तेव्हा एका सकाळी मुकाट्याने तिच्या कयाकमध्ये पुढे येऊन बसले.

खडकांवर सील ऊन खात पडले होते. त्यातल्या एका पिल्लाच्या मानेत निळ्या जाळ्याचा तुकडा रुतला होता. तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. दुपारपर्यंत त्यांनी येऊन जाळं कापलं, जखम धुतली आणि पिल्लाला पाण्यात सोडलं.

"ट्रॉलरवाल्यांचं असणार," किनाऱ्यावर परतल्यावर ती म्हणाली. पर्यटकांनाही ती हेच सांगायची.

वडिलांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. एका जागी तो सांधलेला होता.

"ही गाठ डावखुऱ्या माणसाची आहे."

"म्हणजे कुणाची, बाबा?"

"या किनाऱ्यावर डावखुरा मीच आहे. तीन वर्षांपूर्वी वादळात गेलं होतं ना आपलं जाळं? कापून दिलं सोडून. पुन्हा शोधलं नाही."

तुकडा खिशात घालून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कयाकमध्ये हजर. बेटाजवळ तिने कालच्या पिल्लाची हकिकत सांगितली, तेव्हा शेजारच्या कयाकमधल्या पर्यटक बाईंनी तिला विचारलं, "समुद्रात अशी जाळी सोडतं तरी कोण?"

ती अडखळली. वडिलांनी खिशातून निळा तुकडा काढून वर धरला.

"मी," ते म्हणाले.